नीसच्या समुद्रात उतरण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे अखेरीस चार दिवस दक्षिण फ्रान्समध्ये नीसला जाताय. सोबत बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि तुमच्या आई. तुम्ही नवराबायको पुण्यात तलावात नियमित पोहता, मुलगाही चांगला पोहतो, मुलगी शिकतेय, आईंना फक्त पाय भिजवायचेत. भूमध्य समुद्र अगदी शांत असतो असं ऐकलंय, तर वेगळी काही काळजी घ्यावी लागते का?

लागते, आणि ती कोकणातल्या काळजीपेक्षा वेगळी आहे. मी याच किनाऱ्यावर मोठ्या माणसांना समुद्रात पोहायला शिकवतो. आपल्याकडून आलेल्या मंडळींचं एक मला कायम दिसतं. आत कसं जायचं याचा ते नीट विचार करतात, बाहेर कसं यायचं हा प्रश्न त्यांना पडतच नाही. नीसला मात्र सगळी मेख बाहेर येण्यात आहे.

इथे पुळण नाही, गोटे आहेत. राखाडी, गुळगुळीत, कुठे लिंबाएवढे तर कुठे तळहाताएवढे. प्रॉमनाद देझांग्ले या समुद्रालगतच्या रस्त्यावरून पायऱ्या उतरलात की थेट गोट्यांचा उतार लागतो आणि तो पाण्याखाली तसाच पुढे जातो. दोन-चार पावलांत पाणी गुडघ्याला, आणखी दोन-चार पावलांत छातीला, आणि मग पाय टेकतच नाहीत. आल्प्स इथे जवळजवळ समुद्रापर्यंत आलेले आहेत आणि किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा फार अरुंद आहे, म्हणून ही अचानक खोली. गुहागरला किंवा मुरुडला लाट लांबवर फुटते, फेसाळत येते आणि पायापाशी पोचेपर्यंत तिच्यातला जोर संपलेला असतो. नीसला तिला वाटेत अडवणारं काही नाही. ती अख्खी येते आणि नेमकी काठावर, तुम्ही उभे असता तिथे आदळते.

एरवी समुद्र आरशासारखा असतो आणि तेव्हा यातलं काहीच जाणवत नाही. पण पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा सुटला, किंवा दूर कुठे वादळ होऊन त्याच्या लाटा इकडे पोचल्या, की चित्र पालटतं. कमरेएवढी लाट बघायला काहीच वाटत नाही. ती फुटते, पाणी उतारावरून मागे फिरतं आणि त्याच्यासोबत गोटे खडखडत खाली सरकतात. त्या क्षणी काठावर उभ्या माणसाच्या पायाखालची जमीनच निघून जाते. माणूस बसतो, उठायला जातो, तोवर पुढची लाट अंगावर. एकदा पाणी नाकातोंडात गेलं, डोळ्यांवर केस आले, की चांगला पोहणाराही गोंधळतो. अशा वेळी गुडघे, घोटे आणि खांदे दुखावतात. डोक्यावर आपटलात तर मानेला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून या किनाऱ्यावर लाटा असताना सूर मारणं पूर्ण वर्ज्य.

वरून, रस्त्यावरूनच अंदाज घेता येतो. कठड्याशी दहा मिनिटं उभे राहा आणि कान द्या. लाट परतताना गोट्यांचा खडखडाट वरपर्यंत ऐकू येत असेल, तर मुलांना आणि आईंना त्या दिवशी पाण्याजवळ नेऊ नका. दहा मिनिटं एवढ्यासाठी, की लाटा गटागटाने येतात. काही बारक्या, मग तीन-चार मोठ्या, मग पुन्हा शांत. एक मिनिट बघून उतरणारा माणूस नेमका शांत वेळ बघून उतरतो आणि परत येताना मोठ्या लाटांत सापडतो.

परत येण्याची रीत शिकून घ्या. लाटा फुटतात त्या रेषेच्या बाहेरच थांबा, तरंगत राहा, मागे वळून समुद्राकडे बघा. मोठ्या लाटा जाऊ द्या. शेवटची मोठी लाट तुमच्या खालून पुढे गेली की लगेच तिच्या मागोमाग जोरात पोहा. पाय टेकले की काठावर रेंगाळू नका आणि ताठ उभं राहून ऐटीत चालायचा प्रयत्नही करू नका. हातापायांवर रांगत उतार चढा, दिसायला कसंही दिसो. मध्येच पाणी मागे ओढू लागलं तर गोट्यांना धरून झगडू नका. एक श्वास घ्या, त्या पाण्याबरोबर परत बाहेर जा, पाठीवर तरंगा, दम खा, पुन्हा प्रयत्न करा. जमत नसेल तर एक हात उंच करून हलवा. जीवरक्षक असतील तर ते आत येतात. पाण्यात उतरण्याआधीच काठावरची एखादी खूण धरून ठेवा, एखादी रंगीत छत्री, पायऱ्या, काहीही. त्यावरून प्रवाह तुम्हाला बाजूला नेतोय का ते कळतं.

कोकणातल्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी भरती-ओहोटी आठवते. ती सवय इथे कामाची नाही. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. नीसला दिवसभरात चढउतार फार तर वीतभर किंवा जरा जास्त. तिथी कोणती हे बघण्याची गरज नाही, वारा बघा. निघण्याआधी हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची पाहा. उन्हाळ्यात बहुतेक दिवशी सकाळी समुद्र स्वच्छ, सपाट असतो आणि दुपारी खारा वारा सुटून तो खवळत नाही तरी कुरकुरायला लागतो. मुलांना घेऊन पोहायचं तर सकाळी.

आता तुमच्या तारखांबद्दल, कारण मला खरी चिंता त्याचीच वाटते. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून मराठी कुटुंबं इथे मे महिन्यात येतात. बाहेर छान ऊन असतं, हवा बावीस-तेवीस अंशांच्या आसपास, आणि माणसं टी-शर्टमध्ये फिरत असतात. पाणी मात्र अजून हिवाळ्यातून बाहेर आलेलं नसतं. मे अखेरीस ते साधारण १७ ते १९ अंश असतं. २४-२५ अंशांवर पोचतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. अरबी समुद्र वर्षातला बराचसा काळ २७-२८ किंवा त्याहून गरम असतो आणि पुण्यातल्या तलावाचं पाणीही तुम्हाला तसंच सवयीचं असणार. दहा अंशांचा हा फरक कल्पनेने कळत नाही.

असं गार पाणी छातीला लागलं की शरीर आपोआप एक मोठा श्वास ओढतं. तो थांबवता येत नाही. नेमकं त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. पुढची मिनिट-दोन मिनिटं श्वास धापांसारखा चालतो, छाती धडधडते, हात वाकडेतिकडे पडतात. मुंबईत रोज दोन किलोमीटर पोहणारे गृहस्थ माझ्यासमोर कमरेएवढ्या पाण्यातून उडी घेऊन आत गेले आणि चार हातांतच थांबून, डोळे मोठे करून, आ वासून माझ्याकडे बघत राहिले. बोलता येईना. मी त्यांना पाठीवर वळवलं, डोकं मागे टाकायला लावलं आणि नुसतं थांबायला सांगितलं. दोन मिनिटांत श्वास जागेवर आला आणि त्यानंतर ते मजेत पोहले. त्या दोन मिनिटांत झगडायचं नसतं, तरंगायचं असतं, एवढंच ज्ञान जीव वाचवतं.

तेव्हा उडी नको. आधी पाय, मग मनगटं, मानेची मागची बाजू, छाती, असं ओलं करत हळूहळू उतरा. तासभर उन्हात पडून, भरपेट जेवून किंवा वाइन घेऊन एकदम पाण्यात जाऊ नका. इथले लोकही या बाबतीत फार जपतात, आणि ते बरोबर आहे. मुलं आपल्यापेक्षा लवकर गारठतात. ‘अजून पाच मिनिटं’ ती म्हणणारच. ओठ निळसर दिसले किंवा दातावर दात वाजू लागले की त्यांना बाहेर काढायचं, कोरडं करायचं, अंगात कोरडे कपडे घालायचे. मेच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं त्यांना पुरेत. मुलांसाठी निओप्रीनचा अर्ध्या बाह्यांचा आखूड सूट घेतलात तर पैसे वाया जाणार नाहीत. ऊब राहते आणि थोडं तरंगायलाही मदत होते. पण तो सूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.

मेमधली दुसरी अडचण जीवरक्षकांची. त्यांचा भर हंगाम जून ते सप्टेंबर. मे अखेरीस एखाद्या किनाऱ्यावर असतील, शेजारच्याच किनाऱ्यावर नसतील. पायऱ्यांपाशी फलक असतो, त्यावर तारखा आणि वेळा लिहिलेल्या असतात. तो वाचून मगच टॉवेल अंथरा. काठीवर बावटा असेल तर हिरवा म्हणजे देखरेख आहे आणि विशेष धोका नाही. पिवळा म्हणजे देखरेख आहे, पण जपून. लाल म्हणजे पोहायला मनाई, आणि ती मोडली तर दंड होऊ शकतो. जांभळा म्हणजे पाणी दूषित आहे किंवा त्यात त्रासदायक जीव आलेत. बावटाच नसेल तर तुमच्याकडे बघणारं कुणी नाही असं समजायचं. वर लाल आणि खाली पिवळा पट्टा असलेले दोन बावटे दिसले, तर देखरेख त्या दोघांच्या मधल्या भागातच असते. शेजारी गर्दी कमी आहे म्हणून तिकडे सरकू नका. पिवळ्या बावट्याच्या दिवशी मी माझ्या नवशिक्या विद्यार्थ्यांनाही पाण्यात नेत नाही. तुमच्या मुलीलाही नेऊ नका.

तलावात पोहता येतं म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. तरीही निघण्याआधी घरच्या तलावात एक परीक्षा घ्या. खोल बाजूला, भिंतीला हात न लावता, चश्मा न लावता पाच मिनिटं पाठीवर तरंगायचं, मग दिशा बदलून पन्नास मीटर पोहायचं. मुलाला हे आरामात जमलं तर तो तुमच्यासोबत आत येऊ शकतो. धाप लागली तर त्याने पाय टेकतील तिथेच राहायचं. भूमध्य समुद्राचं पाणी जास्त खारट आहे, लिटरमागे सुमारे ३८ ग्रॅम मीठ, त्यामुळे तरंगणं तलावापेक्षा सोपं जातं. कुणी नवशिका घाबरला की मी त्याला आधी हेच सांगतो: हे पाणी तुला वर धरायला मदत करतं, तू फक्त मान मागे टाक.

मुलीसाठी हवेची रिंग, बदक, गादी असलं काही आणू नका. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि तो असलं खेळणं बघता बघता आत नेतो. आई किंवा बाबा त्यामागे पोहत जातात आणि संकटात सापडतात ते तेच. खेळणं गेलं तर जाऊ द्या. मुलीला घालायचंच तर अंगाला पट्ट्यांनी बांधलेलं, तिच्या वजनाचं तरंगजॅकेट घाला, आणि तेव्हाही तुमचा एक हात तिच्यापर्यंत पोचला पाहिजे. काठावर तिला धरताना तुम्ही समुद्राच्या बाजूला आणि ती जमिनीच्या बाजूला. ओलं मनगट निसटतं, दंडाला धरा.

आपल्या मोठ्या कुटुंबांत एक गंमतीशीर वाटणारी पण घातक गोष्ट घडते. किनाऱ्यावर सहा मोठी माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल ओरडत नाही. ते उभंच असतं, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला खाली दाबत असतात, आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत होतं. तेव्हा पाळी लावा. वीस मिनिटं एकच माणूस बघणार, त्याच्या हातात फोन नाही, पुस्तक नाही, सँडविच नाही. पाळी संपली की दुसऱ्याचं नाव घेऊन सांगायचं, ‘आता तू.’

तुम्ही दोघं लांब पोहायला जाणार असाल तर एकटं जाऊ नका, आणि कमरेला भडक रंगाचा तरंगणारा फुगा बांधा. किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बोटींना पाच नॉट, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या वर जाता येत नाही, आणि हंगामात पोहण्याच्या जागा पिवळ्या बोयांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या खुणांनी, आखलेल्या असतात. पण बोटी आणि जेट-स्की यांना किनाऱ्यावर यायला मध्ये मध्ये बोयांनीच आखलेली वाट असते. ती मोकळी दिसते म्हणून तिथे पोहू नका. चालकाला लाटांमध्ये काळ्या केसांचं डोकं दिसत नाही.

जेलीफिशबद्दल लोक फार घाबरून विचारतात, त्या मानाने धोका कमी आहे, त्रास मात्र होतो. इथे मुख्यतः येते ती पेलाजिया नावाची, जांभळट-गुलाबी, छत्री साधारण लिंबू ते संत्र्याएवढी आणि खाली लांब तंतू. रात्री ती चमकते. वारा आणि प्रवाह तिला आणतो, म्हणून आज हजारो आणि उद्या एकही नाही असं होतं. काठावर दोन-तीन वाळलेल्या दिसल्या तर पाण्यातही आहेत. जीवरक्षकाला ‘मेदूझ?’ एवढं विचारलंत तरी तो सांगेल. डंख झाला तर चोळू नका, गोडं पाणी लावू नका, व्हिनेगरही या जातीवर नको, आणि लघवीचा उपाय तर मुळीच नको. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर लगेच मदत बोलवा.

रबरी तळाचे पाण्यातले बूट प्रत्येकासाठी घ्या, आईंसाठीसुद्धा. गोट्यांवर अनवाणी माणूस तोल सांभाळण्यातच गुंततो आणि समुद्राकडे लक्ष राहत नाही. खडकाळ जागी काटेरी सी-अर्चिन असतात, वाळूच्या किनाऱ्यावर क्वचित विषारी काट्याचा व्हीव्ह मासा वाळूत दडलेला असतो, दोन्हींवर बूट हाच उपाय. कपड्यांचं सांगायचं तर सुती सलवार, जीन्स, ओढणी किंवा साडी घालून पाण्यात जाऊ नका, भिजलेलं कापड पायांत गुंडाळतं आणि खाली ओढतं. अंग झाकायचं असेल तर लायक्राचे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे पोहण्याचे कपडे घाला. उन्हापासूनही ते वाचवतात, आणि आपली कातडी सावळी म्हणून ती भाजत नाही हा समज इथे दुपारपर्यंत गळून पडतो.

मोठा पाऊस झाला तर पुढचा दिवसभर तरी नीसच्या मध्यवर्ती किनाऱ्यावर पोहू नका. पायों नावाची नदी शहराच्या खालून येऊन तिथेच समुद्राला मिळते आणि शहरभरची घाण घेऊन येते. गडगडाट ऐकू आला तर तत्काळ बाहेर.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक सगळीकडे चालतो, आणि समुद्रातल्या बचावासाठी फ्रान्समध्ये १९६. किनाऱ्याचं नाव आधीच माहीत करून घ्या, नाहीतर फोनवर ‘आम्ही बीचवर आहोत’ याखेरीज काही सांगता येत नाही. ‘ओ सकूर’ म्हणजे वाचवा, मुलांना हे दोन शब्द पाठ करायला लावा. कुणी बुडताना दिसलं तर त्याच्याकडे तरंगणारं काहीही फेका, आणि बुडणाऱ्याला वाचवायला तुम्ही शिकलेले नसाल तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्याची किंवा उलटं टांगण्याची आपल्याकडची पद्धत पूर्ण विसरा. त्यात मौल्यवान वेळ जातो आणि पोटातलं श्वासनलिकेत जातं. तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत न थांबता. येण्याआधी पुण्यात एका दिवसाचा प्रथमोपचाराचा वर्ग कराच. बुडता बुडता वाचलेल्या, पण नंतर खोकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या माणसाला डॉक्टरांना दाखवायचं, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी.

राहिल्या आई. खरं म्हणजे तुमच्या पाच जणांत नीसला सगळ्यात जास्त धोका त्यांनाच आहे, कारण त्या पोहणार नाहीत, काठावर उभ्या राहणार आहेत, आणि इथे लाट काठावरच फुटते. घोटाभर पाण्यात समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारी माणसं पडताना मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत. साठीनंतर गोट्यांवर पडणं म्हणजे खुबा किंवा मनगट. म्हणून आईंना आणि मुलीला पाण्याचा आनंद द्यायला नीसचा किनारा निवडूच नका. नीसहून अर्ध्या तासाच्या आत ट्रेनने अँतिबला पोचता. तिथे गावाच्या दक्षिणेला ला सालिस हा वाळूचा, उथळ, फुकट किनारा आहे आणि बंदराच्या भिंतीआड ला ग्राव्हेत नावाची छोटी, वाऱ्यापासून सुरक्षित पुळण. किंवा उलट दिशेला, दोनच स्टेशनांवर व्हिलफ्रांश-सूर-मेर. खाडीच्या कुशीत असल्याने तिथे लाटा बहुतेक वेळा बारीक असतात आणि स्टेशनातून उतरलं की किनारा समोर. नीसच्या गोट्यांवर तुम्ही दोघांनी एखाद्या सपाट सकाळी आळीपाळीने पोहून या. आईंना ला सालिसला सकाळीच न्या, बूट घालून, साडीऐवजी पोटऱ्यांपर्यंतच्या सुटसुटीत कपड्यांत, आणि गुडघ्याच्या खालच्या पाण्यात त्यांच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला सूनबाई उभ्या राहा. तिथे त्या हव्या तितका वेळ पाय भिजवू शकतात.